बांधकामावर पाऊस पडतो तेव्हा

तुमच्या शाळेजवळ किंवा घराजवळ एखाद्या इमारतीचे काम चालू असेल, तर जोराची सर येऊन गेल्यावर तेथील गटाराकडे जरा नीट पाहा. एरवी करडे दिसणारे पाणी त्या दिवशी चहासारखे तांबूस किंवा शाईसारखे काळपट दिसेल. मुरूम उघडा पडला असेल तर रंग तांबूस, काळी माती उघडी पडली असेल तर काळपट. हा रंग पाण्याचा नव्हे, मातीचा. पाया खणताना वर काढलेली माती पाण्याबरोबर प्रवासाला निघालेली असते.

"पावसात थोडी माती वाहणारच, त्यात काय एवढे?" असे तुम्ही म्हणाल. परंतु अनेक देशांत आता या गढूळ पाण्यासाठी नियम आहेत, आणि काही ठिकाणी तर त्यासाठी परवाना घेतल्याशिवाय मोठ्या कामावर कुदळही मारता येत नाही. पावसाच्या पाण्याला परवाना कशासाठी? हे समजून घ्यायचे तर आपल्याला एका थेंबापासून सुरुवात करावी लागेल.

थेंबाचा घाव

रिमझिम पावसाचा बारीक थेंब सावकाश उतरतो. पण वादळी सरीतला पाच मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. सायकलस्वाराच्या नेहमीच्या वेगापेक्षा हा वेग बराच जास्त आहे. असे असंख्य थेंब उघड्या जमिनीवर आदळले, की प्रत्येक थेंब एक लहानसा घाव घालतो. ढेकूळ फुटते, मातीचे कण चोहीकडे उडतात. पावसानंतर घराच्या भिंतीवर खालच्या बाजूला जे चिखलाचे शिंतोडे दिसतात, ते याच घावांचे.

हे सुटलेले कण जमिनीची बारीक छिद्रे बुजवतात. त्यामुळे पाणी मुरणे कमी होते आणि वरून वाहणे वाढते. वाहणाऱ्या पाण्याला उतार मिळाला की त्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला तर पाण्याची ऊर्जा चौपट होते. आणि गणिताने असे दाखवता येते, की वेग दुप्पट झाल्यास पाणी ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन चौसष्टपट होते! म्हणून साधी ओहोळी पाहता पाहता घळ पाडते.

आता जमिनीवर गवत आहे अशी कल्पना करा. थेंबाचा घाव पात्यांवर बसतो. पाणी पात्यांवरून हळूच खाली उतरते, मुळांच्या वाटेने मुरते. जे वाहते तेही अडखळत वाहते. म्हणजे गवत ही जमिनीची छत्रीही आहे आणि पाण्याला लावलेला ब्रेकही.

बांधकाम सुरू करताना आपण नेमके काय करतो? प्रथम गवत-झुडपे काढतो, मग वरची माती उकरतो, आणि ती मोकळी माती खड्ड्याच्या काठावर ढीग करून ठेवतो. छत्री गेली, ब्रेक गेला, आणि माती मात्र सैल झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार, बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारा गाळ शेतजमिनीवरून जाणाऱ्या गाळाच्या १० ते २० पट, आणि जंगलाच्या जमिनीवरून जाणाऱ्या गाळाच्या १,००० ते २,००० पट असू शकतो.

एका सरीचा हिशोब

आपण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेकडे अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत आहे. तेथे वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. पावसाचे दिवस थोडे, पण पडतो तेव्हा पुष्कळदा जोराच्या सरींनी पडतो. सप्टेंबर हा तर तेथे भर पावसाचा महिना.

नगर शहरात दहा गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरचा एक भूखंड बांधकामासाठी उकरला आहे असे समजा. एका संध्याकाळी तेथे ५० मिलिमीटर पाऊस झाला. १,००० ला ०.०५ ने गुणा. उत्तर आले ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पाच टँकर! यातले निम्मे मुरले आणि निम्मे वाहून गेले असे धरा. वाहणाऱ्या प्रत्येक लिटरमध्ये केवळ १० ग्रॅम माती असली, तरी २५,००० लिटरमधून २५० किलोग्रॅम माती गेली. सिमेंटच्या पाच गोण्यांच्या वजनाएवढी. ही एका सरीची, एका भूखंडाची गोष्ट. वाढत्या शहरात असे भूखंड कितीतरी असतात.

ही माती जाते कोठे? थोडी गटारात बसते. गटाराची खोली कमी होते आणि पुढच्या सरीला पाणी रस्त्यावर येते. उरलेली सीना नदीला मिळते. सीना नगर शहराजवळून दक्षिणेकडे वाहत जाते आणि सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. वाटेत कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्डा येथे तिच्यावर धरण आहे. धरणात पाणी थांबते, तसा गाळही थांबतो. गाळाने जेवढी जागा व्यापली, तेवढे पाणी त्या धरणात पुन्हा कधी मावत नाही. आणि अवर्षणाच्या मुलखात पाण्याची जागा गमावणे म्हणजे काय, हे तेथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

गाळ खाली बसायला किती वेळ?

एक सोपा उपाय सुचतो. भूखंडाच्या सखल कोपऱ्यात खड्डा खणावा, गढूळ पाणी त्यात घ्यावे, माती तळाशी बसू द्यावी आणि वरचे निवळ पाणी सोडावे. उपाय चांगला आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. ती मर्यादा १८५१ मध्ये स्टोक्स या शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमातून समजते.

या नियमाप्रमाणे स्थिर पाण्यात कण खाली जाण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. कण दहापट लहान झाला, तर तो शंभरपट सावकाश खाली जातो. आता एक मीटर खोल पाण्याचा हिशोब पाहा. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा बारीक वाळूचा कण तळ गाठायला सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहापट लहान असलेला पोयट्याचा कण सुमारे तीन तास घेतो. आणि त्याच्याही दहापट लहान असलेला चिकणमातीचा कण? जवळजवळ तेरा दिवस! तेही पाणी अगदी स्तब्ध राहिले तर.

तेरा दिवस वाट पाहायला पाऊस थोडाच थांबणार आहे? दुसरी सर येते, खड्डा ढवळला जातो आणि चिकणमाती पुढे निघून जाते. जिल्ह्यातील काळी माती तर अशा अतिसूक्ष्म कणांनीच भरलेली असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. ती पायाखाली ठेवणे धोक्याचे, म्हणून ती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदाई करतात. म्हणजे पाण्यातून परत मिळवायला सर्वांत अवघड अशी मातीच बांधकामावर ढिगाने उघडी पडते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. वाळू पाण्यातून पकडता येते. चिकणमाती पाण्यात शिरली की जवळजवळ हातची गेली. तेव्हा तिला पाण्यात शिरूच देता कामा नये. पाणी गाळण्यापेक्षा माती झाकणे बरे.

डोंगराने शिकवलेला धडा

हा धडा या जिल्ह्याला नवा नाही. फक्त तो इमारतींवर नव्हे, शेतांवर आणि डोंगरांवर शिकला गेला. १९४२ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि शेतजमिनींवर समतल बांध घालण्याच्या कामाला आधार मिळाला. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात ठिकठिकाणी पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे निघाली. पुढे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे आणि गावकऱ्यांनी, तर नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या दशकात पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याची कामे केली.

माथ्यापासून का, हे लक्षात घ्या. वर डोंगरावर पाण्याचा प्रवाह लहान असतो, वेग कमी असतो. तेथे त्याला अडवायला हातभर खोल चर पुरतो. तेच पाणी खाली ओढ्यात एकवटले, की त्याला अडवायला दगड-सिमेंटचा बंधारा लागतो. म्हणून उतारावर ओळीने समतल चर खणले जातात. "समतल" म्हणजे चराचा तळ सगळीकडे सारख्या उंचीवर. तसे नसेल तर चरातले पाणी एका टोकाला धावेल आणि तेथेच फुटेल.

ही सारखी उंची कशी काढतात? पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने. नळीची दोन टोके दोन ठिकाणी धरली, की दोन्हींकडे पाणी एकाच पातळीवर राहते. गवंडी इमारतीचे जोते पातळीत आणण्यासाठी हीच युक्ती वापरतो. म्हणजे पाणी अडवण्याचे निम्मे शास्त्र बांधकामावरच्या नळीत आधीपासूनच आहे!

हिवरे बाजारने केवळ चर खणले नाहीत. काही नियमही स्वतःवर घालून घेतले. मोकाट चराईला आणि वृक्षतोडीला बंदी केली, त्यामुळे डोंगरावर गवताची छत्री टिकली. शेतीला पाणी देण्यासाठी विंधनविहिरी न घेण्याचे ठरले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे, अशी पद्धत पडली. हे नियम गावाला का पेलले? ज्याने नियम पाळायचा, त्याच्याच विहिरीला पाणी वाढणार होते. तोटा आणि लाभ दोन्ही एकाच गावात होते.

मग परवाना कशासाठी?

बांधकामावर नेमके उलटे घडते. भूखंडावरून माती वाहून गेली, तर भूखंडाच्या मालकाचे फारसे काहीच बिघडत नाही. तुंबते ते खालच्या आळीचे गटार, भरते ते खालच्या तालुक्यातले धरण. ज्याच्या हातून चूक होते त्याला तिचा चटका बसत नाही, आणि ज्याला चटका बसतो त्याच्या हातात काही नसते. अशा ठिकाणी केवळ समजूतदारपणावर विसंबता येत नाही. तेथे नियम लागतो.

अमेरिकेत १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. प्रथम त्याचा भर कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यावर होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाचे वाहते पाणीही त्यात स्पष्टपणे आले. १९९० च्या नियमाने पाच एकर किंवा अधिक जमीन उकरणाऱ्या बांधकामांना परवाना आवश्यक झाला. १९९९ च्या नियमाने ही मर्यादा एक एकरावर, म्हणजे आपल्या चाळीस गुंठ्यांवर आणली, आणि २००३ पासून तो लागू झाला. परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे. पाणी कोठून कोठे वाहील याचा नकाशा, गाळ कसा थांबवणार याची योजना, ठराविक काळाने पाहणी आणि तिची नोंद, हे सर्व त्यात येते. एखाद्या भागात चौदा दिवसांहून अधिक काळ काम होणार नसेल, तर तेथील उघडी माती झाकण्याचे काम ताबडतोब सुरू करावे, असाही दंडक तेथे आला.

आपल्याकडे नियमांची मांडणी वेगळी आहे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या इमारतींना काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. २०१६ च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांनी असा कचरा आपल्या आवारात ठेवावा आणि त्याने गटारे अडू देऊ नयेत, अशी जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठे किंवा अधिक क्षेत्राच्या भूखंडावरील नव्या बांधकामात पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय सांगितली आहे. पण ही सोय उभी राहते ती इमारत पुरी होताना. माती सर्वांत जास्त वाहते ती त्यापूर्वी, पाया खोदण्याच्या काळात. तो मधला काळ सांभाळणे, हेच नव्या पद्धतीने काम करण्यातले मर्म आहे.

ठेकेदाराने काय बदलावे?

यासाठी फार महागडी यंत्रे लागत नाहीत. कामाची रीत बदलावी लागते.

पहिली गोष्ट, वेळ. पायाची मोठी खोदाई ऐन पावसाच्या तोंडावर काढू नये. आणि सगळा भूखंड एकदम न उकरता लागेल तेवढाच भाग उकरावा. दुसरी, वरची सुपीक माती वेगळी ठेवून ताडपत्रीने किंवा गोणपाटाने झाकावी. हा ढीग गटाराच्या काठी नको, उंच बाजूला हवा. पुढे बागेसाठी हीच माती उपयोगी पडते. तिसरी, भूखंडाच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून बाहेरचे निवळ पाणी बाजूने वळवावे, म्हणजे ते उकरलेल्या मातीवरून जाणार नाही. चौथी, खालच्या अंगाला वाळूच्या गोण्यांचा किंवा दगडांचा बुटका बांध आणि त्यामागे गाळाचा खड्डा करावा. वाळू आणि पोयट्याचा बराचसा भाग तेथे थांबेल. पाचवी, फाटकाजवळ खडी अंथरावी, म्हणजे डंपरच्या चाकांचा चिखल तेथेच झडेल, रस्त्यावर जाणार नाही.

सहावी गोष्ट गाळाची नव्हे, पण गटारातूनच जाणारी आहे. सिमेंटची घमेली आणि मिक्सर धुतलेले पाणी तीव्र अल्कधर्मी असते. ते जलचरांना मारक ठरते आणि माणसाच्या कातडीलाही इजा करते. ते गटारात न सोडता वेगळ्या खड्ड्यात घ्यावे.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत जास्त विसरली जाणारी. प्रत्येक मोठ्या सरीनंतर कोणीतरी भूखंडाभोवती फेरी मारावी. बांध फुटला का, खड्डा गाळाने भरला का, हे पाहून त्याच दिवशी दुरुस्ती करावी आणि वहीत नोंद ठेवावी. भरलेला खड्डा आणि नसलेला खड्डा यांत पुढच्या पावसाला काहीच फरक वाटत नाही.

करून पाहा

तीन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवून वरचा भाग कापून घ्या. बाटल्यांची तोंडे उघडी ठेवा. तिन्हींत सारखी माती भरा. पहिलीतील माती उघडी ठेवा, दुसरीवर वाळलेला पालापाचोळा पसरा, तिसरीत धने किंवा गहू पेरून दोन-तीन आठवडे रोपे वाढू द्या. मग तिन्ही बाटल्यांना सारखा उतार देऊन प्रत्येकीवर झारीने सारखेच पाणी घाला आणि तोंडातून येणारे पाणी काचेच्या पेल्यांत धरा. कोणता पेला सर्वांत गढूळ? पाणी कोणत्या बाटलीतून सर्वांत उशिरा आले?

गढूळ पेला तसाच ठेवा. पहिल्या काही मिनिटांत, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी त्यात काय दिसते ते लिहून ठेवा. तसाच दुसरा गढूळ पेला घेऊन त्यात तुरटी फिरवा. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धन आयन हा भार नाहीसा करतात. कण एकत्र येऊन मोठे पुंजके बनतात आणि भराभर खाली बसतात. कण मोठा झाला की वेग किती वाढतो, हे तर तुम्हाला आता माहीतच आहे.

येत्या पावसाळ्यात आणखी एक काम करा. आपल्या रस्त्यावरील गटाराचे पाणी एका जोराच्या सरीनंतर बांधकामाच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला अशा दोन ठिकाणी, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, दोन बाटल्यांत भरून आणा. गटारात उतरू नका, दोरीला डबा बांधून पाणी काढा, आणि नंतर हात साबणाने धुवा. दोन्ही बाटल्या वर्गात खिडकीत शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींच्या तळाशी बसलेल्या गाळाची उंची पट्टीने मोजा आणि फरक फळ्यावर लिहा. तेवढी माती एका भूखंडाने एका सरीत खालच्या गावाला पाठवली आहे.